इथे दिवे गेले तर?

माझी बायको दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा तिला पगार मिळतो. माझं चष्म्यांचं दुकान आहे. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून मी दिवसभर खपतो आणि संध्याकाळी जिला सगळंच जरा जास्त स्पष्ट दिसतं तिच्यासमोर जेवायला बसतो. आता सवय झाली आहे.

तिचं काम मला समजलं तेवढं सांगतो. कॉम्प्युटर चालवणाऱ्या यंत्रणेत एक भाग नुसता फाइली सांभाळतो. कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, कुठे ठेवली ते लक्षात ठेवायचं, मागितली की काढून द्यायची. त्याला फाइलसिस्टीमचा ड्रायव्हर म्हणतात. ठिकठिकाणची माणसं त्यात सुधारणा सुचवून कोड पाठवतात आणि हिने वाचून 'चालेल' म्हटल्याशिवाय त्यातली एक ओळही आत जात नाही. या मंडळींत हिचं नाव 'सासूबाई' पडलं आहे. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, असा माझा अंदाज आहे.

खरी सासूबाई व्हायची वेळ आली तेव्हा मात्र घोळ झाला. आमच्या एकुलत्या एक मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. तीन वर्षांपूर्वी ती एका मुलाला आम्हाला भेटवायला घेऊन आली. मुलगा उंच, हसरा, थोडा वेंधळा. मला आवडला. तो गेल्यावर भिंगरीने आईला विचारलं, कसा वाटला? झालं. विचारलं म्हटल्यावर हिने मुद्देच काढले. उशिरा आला. दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही. नोकरी टिकवत नाही. तू बोलत असताना फोनमध्ये बघतो. यातलं एकही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

भिंगरी उठून उभी राहिली. म्हणाली, "आई, मी त्याला तुझ्याकडे तपासायला नव्हता आणला. भेटवायला आणला होता."

त्यानंतर दोघं दूरच्या शहरात राहायला गेली. माझ्याशी ती बोलते, पण फोन दुकानात करते. माझे गुडघे, गिऱ्हाईकं, हवापाणी सगळं विचारून झालं की शेवटी म्हणते, "घरी ठीक ना सगळं?" आमच्या घरी दोनच माणसं. त्यातल्या एकाशी ती बोलतच असते. मग घर म्हणजे कोण, हे काय मला कळत नाही? इकडे हीसुद्धा काही कमी नाही. मी घरी आलो की पाठ फिरवून विचारते, "आज दुकानात काही विशेष?" मी फोन आला होता म्हणालो तर पुढे एक अक्षर विचारत नाही, फक्त त्या दिवशी माझ्या ताटात दोन घास जास्त पडतात.

आणि कामाचं टेबल तिने भिंगरीच्या खोलीत हलवलं. म्हणे तिथे उजेड चांगला येतो. त्या खोलीत घरातला सगळ्यात कमी उजेड आहे, हे मी डोळ्यांच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. पण मी मूग गिळून बसलो. मलाही त्या खोलीत कुणीतरी बसलेलं हवं होतं.

एका रविवारी सकाळी तिने त्या खोलीतून हाक मारली. माझा चहा अर्धा राहिला तो राहिलाच. ती स्क्रीनपुढे बसली होती, हात मांडीवर.

"अहो, हे वाचा."

मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. कोडच्या मध्ये माणसांसाठी सूचना लिहिण्याची रीत असते, तशी एक सूचना होती ती. लिहिलं होतं, 'इथे दिवे गेले तर?'

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

भिंगरी लहान असताना दोघींचा एक खेळ होता. स्वयंपाकघरात एका डब्यातली साखर दुसऱ्या डब्यात भरायची. मध्येच आई बटण बंद करायची आणि अंधारात विचारायची, दिवे गेले, आता साखर कुठे आहे? पोरीने झटकन सांगायचं. नव्या डब्याचं झाकण लागेपर्यंत जुना डबा धुवायला टाकायचा नाही, असा नियम. मी बाहेरच्या खोलीत अंधारात पेपर धरून बसायचो आणि दोघींना शिव्या घालायचो. हिच्या सगळ्या कामाचं सार त्या खेळात होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. फाइल इकडून तिकडे हलवताना वीज गेली तरी ती एका जागी तरी शाबूत सापडली पाहिजे. भिंगरीला हे वयाच्या सातव्या वर्षी कळत होतं, आणि पुढे शिकून तीही कोडच लिहू लागली. तो प्रश्न आमच्या घराबाहेर कुणालाही माहीत नव्हता.

पाठवणाऱ्याच्या जागी 'पाणकावळा' असं टोपणनाव होतं. फाइली लवकर सेव्ह व्हाव्यात म्हणून केलेला बदल. "फार सुंदर लिहिलंय," ही म्हणाली. हिच्या तोंडून सुंदर हा शब्द मी आमच्या लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

मी म्हटलं, मग लिही की 'चालेल'. ती म्हणाली, चूक आहे त्यात. एरवी सगळं नीट चालतं, पण डिस्क भरलेली असेल तर कोड एका आडवाटेने जातो आणि तिथे जुनी जागा आधी मोकळी होते, नवी नोंद नंतर. नेमके तेव्हा दिवे गेले तर फाइल जुन्या जागीही नाही आणि नव्या जागीही नाही.

मी बऱ्याच वर्षांत बायकोपुढे हात जोडले नव्हते, ते त्या दिवशी जोडले. म्हटलं, अगं, पोरगी तीन वर्षांनी दारात आली आहे. सरळ येता आलं नाही म्हणून या दाराने आली, कारण या दारात तू नक्की उभी असणार हे तिला माहीत होतं. आणि आल्या आल्या तू तिला काय सांगणार, चूक आहे? पुन्हा नाही यायची ती. जाऊ दे एवढ्या वेळी. पुढे कुणीतरी पकडेलच.

"माझ्यापुढे कुणी नाहीये," ती म्हणाली. "कुणाच्या तरी लेकराचे फोटो जातील हो. आणि ते तिच्या हातून जातील."

राग आला, तो गिळून मी भांडी घासायला गेलो.

दुपारी तिने मला परत बोलावलं. तिने उत्तर लिहिलं होतं आणि पाठवण्याआधी मी बघावं असं तिला वाटत होतं. हे याआधी कधी झालं नव्हतं. एक मुद्दा त्या चुकीचा, बाकीचे बारीकसारीक. अमुक नाव लांबलचक आहे, तमुक ठिकाणी रिकामी ओळ नको, असला काथ्याकूट. मी विचारलं, यातल्या कशाने फाइल जाते? ती म्हणाली, पहिल्याने. मग बाकीचं कशाला? तिने एकेक मुद्दा पुसून टाकला. पुसताना तिचा जीव वरखाली होत होता, ते दिसत होतं. शेवटी चुकीच्या ओळीचा क्रमांक उरला आणि त्यासमोर तिने लिहिलं, 'इथे दिवे गेले तर?' बाकी काही नाही. मी म्हटलं, निदान कशी आहेस एवढं तरी लिही. ती म्हणाली, सगळे वाचतात ते, तिला अवघडल्यासारखं होईल.

मग वाट बघणं आलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. दुकानात फोन वाजला की मी गिऱ्हाइकाला तसाच सोडून धावायचो, आणि फोन कुणाची तरी फ्रेम तयार झाली का विचारायला आलेला असायचा. घरी ही जेवताना मध्येच उठून त्या खोलीत जाऊन यायची. पाणी प्यायला, असं सांगायची. माठ दुसऱ्या टोकाला.

मला लेकीची इतकी आठवण कधी आली नव्हती. दूर असल्याची सवय होते. पण उंबऱ्यापर्यंत येऊन ती परत गेली असेल, या विचाराची होत नाही. हिच्यावर चिडायचं होतं, पण हिचा चेहरा बघून तेही जमेना.

शनिवारी दुकान लवकर बंद करून आलो. ही त्या खोलीत होती, दिवा न लावता. स्क्रीनच्या उजेडात मला तिचे ओले गाल दिसले.

सुधारलेला कोड आला होता. आडवाटेवरचा क्रम बदलला होता, आधी नवी नोंद आणि मग जुनी जागा. ही म्हणाली, आता बोट ठेवायला जागा नाही. मग पान खाली सरकवलं. कोडच्या तळाशी, ज्याने चूक दाखवली किंवा मार्ग सुचवला त्याचं नाव द्यायची पद्धत आहे. तिथे लिहिलं होतं:

सुचवलं: आई

"हे नियमात बसत नाही," ती म्हणाली. "पूर्ण नाव लागतं. पत्ता लागतो. नुसतं आई म्हणजे कुणाची आई, कुठे राहते, लोकांना कसं कळायचं? मी परत पाठवते असले."

"मग पाठव परत," मी म्हटलं.

तिने पदराने नाक पुसलं, पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, कारण न वाचता ती देवाचंही पुढे जाऊ देणार नाही. त्या शेवटच्या ओळीपाशी थांबली. खाली 'चालेल' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

मी दिवा लावला. ती डोळे बारीक करून माझ्याकडे वळली आणि या घरात तीन वर्षांत कुणी मला विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"अहो, तिचा नंबर तोच आहे ना अजून?"