कडेची नक्षी

मितेश गेल्यावर संध्या रडली नाही, हे नाटे गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. मितेश लाँचवर खलाशी होता. दिवाळीनंतर एका सकाळी जाळं ओढता ओढता त्याच्या छातीत कळ आली, आणि लाँच बंदराला लागेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बायकांनी संध्याला मध्ये बसवून तिच्या रडण्याची वाट पाहिली. ती भिंतीकडे बघत बसून राहिली. कार्य झालं, पाहुणे पांगले, तशी ती उठून कामाला लागली. पाणी भरलं, भात रांधला, वाळत घातलेली मासळी कावळ्यांपासून राखली. कुणी मितेशचा विषय काढला की ती "हं" म्हणायची. परगावच्या कुणा माणसाची खबर ऐकावी, तसं.

सासू धोंडूबाई मात्र रडून रडून अर्धी झाली होती. ती बंदरावर मासळी घेऊन वर सड्याच्या पठारावरच्या वाड्यांना विकायची. आंब्याचा हंगाम सुरू झाला आणि तिला रोज वर नेणारा टेंपो पेट्या वाहायला रत्नागिरीकडे गेला. दोन-तीन दिवस तिने टोपली डोक्यावर घेऊन चढण चढून पाहिली. मग गुडघा टम्म सुजला.

"आई, मी जाते उद्यापासून," संध्या म्हणाली. "गाडी काढते."

पडवीत मितेशची मोटारसायकल जुन्या जाळ्याखाली उभी होती. धोंडूबाईने तिच्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. "तुला येता काय गो?"

"केळशीला भावाची चालवायची की. पुळणीवर, वाळूत."

मितेशचा चुलतभाऊ भावेश याचं तिठ्यावर गॅरेज होतं. संध्याने गाडी ढकलत तिथवर नेली. भावेशने बॅटरी चार्जिंगला लावली, प्लग पुसला, मग उकिडवा बसून मागच्या चाकावर हात फिरवला.

"वैनी, ह्यो टायर गोटा झालाय. गाडी शोरूममधनं आली तेव्हाचाच हाय. कंपनीचा टायर कडक असतो, झिजता झिजत नाय. पण कडक म्हणजे धरतही नाय. त्यात मधली नक्षी पार गेलीय बघा. बदलूया."

"चालेल ह्यावरच," संध्या म्हणाली.

"सरळ रस्त्याला चालेल. वळणावर नाय चालायचं."

"चालेल रे."

भावेशला वाटलं, दादाची आठवण म्हणून वैनीला टायर काढवत नाही. त्याने चाकात हवा भरली. संध्याला तसलं काही वाटत नव्हतं. टायर बदलायचा म्हणजे थांबायचं, बोलायचं, हो-नाही करायचं. त्याचा तिला कंटाळा होता, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या कॅरिअरला बर्फात भरलेल्या मासळीची क्रेट बांधून ती सड्यावर जाऊ लागली. सड्यावरचा रस्ता लांबच लांब सरळ. दोन्ही बाजूंना काळा पडलेला कातळ आणि वाळकं गवत. तिथे गाडी रुळावरून धावल्यासारखी धावे. वळण आलं की मात्र तिचं वागणं बदले. टायर मधोमध झिजून सपाट झालेला. त्यामुळे गाडी आधी कलायलाच तयार नसे, अडून राही. जोर लावून कलवावी, तर सपाटीची धार ओलांडून एकदम खाली पडल्यासारखी झुके. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा दुसऱ्या कुणी ब्रेक दाबला असता. संध्याने दाबला नाही. तिने फक्त पाहिलं, की गाडी असं करते. पुढल्या वळणालाही तिने वेग कमी केला नाही.

सड्यापलीकडे उतारावरच्या वाडीतल्या कुसुमकाकूंनी एकदा हटकलं. "संध्या, अगो जरा हळू ये. घाट उतरतेस का विहिरीत उडी मारतेस?"

"हळूच येते," ती म्हणाली, आणि बांगडे मोजायला लागली.

घसरली ती बावीच्या वळणावर. तिथे रस्ता विहिरीला वळसा घालून उतरतो आणि कडेच्या बागेतली चिऱ्याची बारीक खडी डांबरावर येऊन पडते. त्या दिवशी बर्फ लवकर वितळला होता, आणि क्रेटमधलं पाणी वाटभर मागच्या चाकावर ठिबकत होतं. संध्याने गाडी कलवली, ती नेहमीसारखी झुकली, आणि चाकाने रस्ताच सोडला. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. गाडी एकीकडे घसरत गेली, संध्या दुसरीकडे, आणि रस्ताभर बांगडे पसरले.

बागेतून देवदत्त सर धावत आले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर आंब्याच्या कलमांतच असत. संध्या तोवर उठून बसली होती आणि हाताला येतील ते बांगडे पदरात भरत होती. गुडघ्यावरून रक्ताचा ओघळ पावलापर्यंत आला होता.

"अगं, मासे राहू देत! लागलंय किती!"

"असू दे सर. तापलेल्या रस्त्यावर खराब होतील."

त्यांनी तिला हाताला धरून बांधावर बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतः वाकून उरलेले मासे गोळा केले. सोवळ्यातल्या घरातले, मासळीला कधी हात न लावलेले सर एकेक बांगडा शेपटीला धरून क्रेटमध्ये टाकत होते.

"मितेशची गाडी ना ही?" ते म्हणाले. "तो फार सांभाळून जायचा हो इथून. अगदी दोन्ही पाय जमिनीला टेकवत. आमचा गडी सायकलवरून त्याच्यापुढे निघून जायचा आणि हसायचा."

"कोण?" संध्याने विचारलं.

"मितेश. तुझा नवरा."

"हे नव्हेत, सर. दुसरा कोणी असेल."

"अगं, रोज बघायचो मी. मला हात करायचा तो. हात करायलासुद्धा गाडी थांबवायचा."

मितेश रात्री जेवताना सांगायचा ते वेगळंच होतं. बावीच्या वळणावर गाडी अशी आडवी टाकली, की पायाखालच्या दांडीतून ठिणग्या उडाल्या. ती घास तिथेच टाकून भांडायची. देवीला नवस बोलायची. तो लाँचच्या सामानासाठी सड्यावर गेला की गाडीचा आवाज येईपर्यंत दारात उभी राहायची. लाँचवर गेल्यावर तिला घोर नसे. समुद्रावर दहा माणसं असतात, गाडीवर हा एकटाच.

वाकड्या हँडलची गाडी ढकलत ती भावेशकडे गेली. त्याने आधी तिचा गुडघा पाहिला, मग चाक.

"भावेश, तुझा दादा वळणावर गाडी आडवी टाकायचा ना?"

भावेश हसला. पहिल्यांदाच तिच्यासमोर दादाच्या नावाने हसला. "दादा? वैनी, हे बघा." त्याने टायरची कड दाखवली. मधला भाग तुळतुळीत, आणि कडेला नक्षी कोरीच्या कोरी. नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केससुद्धा अजून जागच्या जागी. "गाडी कलली तर कड रस्त्याला लागणार ना? ही कधी लागलीच नाय. वरवर एक पट्टी खरवडलीय, ती तुमच्या वळणांची. बाकी दादा आयुष्यभर सरळच गेला."

संध्याने बोटाने ते केस दाबून पाहिले. ते वाकले आणि परत उभे राहिले.

"खोटारडा," ती म्हणाली.

भावेश दचकला.

"मी दारात उभी राहायची. रोज."

"ठाऊक हाय," भावेश चाचरत म्हणाला. "तिठ्यावर थांबून चहा प्यायचा. म्हणायचा, लवकर गेलो तर ती दारात नसते."

संध्याने टायरवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "टायर बदल. दोन्ही."

घरी संध्याच्या गुडघ्याला हळद लावता लावता धोंडूबाईने सगळं ऐकलं. "पोरपणी झोपाळ्याला भ्यायचा तो," ती म्हणाली. "लाँचवर पहिल्यांदा चढला तो रडत. बापाने उचलून आत टाकला. तुला नाय सांगितलान?"

"नाही."

"मग काय सांगितलान?"

"पाच वर्षांचा असताना बंदराच्या धक्क्यावरून उडी मारली म्हणून."

धोंडूबाईला हसू फुटलं, ते मध्येच मोडलं, आणि ती रडायला लागली. संध्या रडली नाही. पण रोजच्यासारखी उठून आतही गेली नाही. "आणि कशाकशाला भ्यायचे?" तिने विचारलं. धोंडूबाई सांगत बसली. बेडकाला, वाड्याच्या भुताला, डॉक्टरच्या सुईला. चूल विझून गेली तरी दोघी तिथेच होत्या.

नवे टायर घालून देताना भावेशने बजावलं, "सुरवातीला बेताने हां वैनी. नव्या टायरवर तुकतुकी असते, ती रस्त्याला घासून गेली म्हणजे ग्रीप येते."

गाडी आता गोल, सैल चालत होती. अंग जरासं झुकवलं की न अडता झुकायची. संध्याला ते ओळखीचं वाटेना. विहीर दिसली तशी तिच्या तळहातांना घाम फुटला. तिने वेग कमी केला, आणखी कमी केला, आणि शेवटी वळणाच्या अलीकडेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. पाठीमागून एक टेंपो हॉर्न वाजवत निघून गेला.

तो दिसेनासा होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग क्रेटच्या दोऱ्या तपासल्या, गाडी चालू केली आणि पहिल्या गिअरमध्ये वळण उतरली.

वाडीत पोचायला उशीर झाला. कुसुमकाकू अंगणात ताट घेऊन उभ्या होत्या.

"आज एवढा वेळ? मी म्हटलं येतेस का नाही."

"भीती वाटली," संध्या म्हणाली, आणि क्रेटवरचं ओलं पोतं बाजूला करून बांगडे दाखवायला लागली.