उजवा हात आम्रपालीचा

रहिमतपूरच्या एसटी स्टँडमागे महेंद्रचं फिटिंगचं दुकान होतं. पाण्याचे पंप, नांगराचे बोल्ट, मळणीयंत्राचे भाग, जे झिजेल ते लोक त्याच्याकडे आणत. झिजलेल्या भोकात नवे आटे पाडायचं काम तो हातानंच करायचा. टॅप, म्हणजे आटे कापणारी पोलादी दांडी, भोकात उभा धरायचा, त्याच्या आडव्या हँडलची दोन्ही टोकं दोन हातांनी पकडायची आणि सारख्या जोरानं फिरवायचं. एका हाताचा जोर जास्त झाला की टॅप कलतो, आटे वाकडे पडतात. महेंद्रचे कधी पडले नव्हते.

दिवाळीनंतर त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. साताऱ्याच्या दवाखान्यातून घरी आला तेव्हा पाय ओढत का होईना, चालत होता. हात मात्र लोंबतच राहिला. बोलणंही अडकायचं. मनात तयार असलेला शब्द जिभेवर येईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्याच विषयावर गेलेला असायचा.

दुकान बंद पडलं. उन्हाळ्याच्या तोंडाला जुनं गिऱ्हाईक लालासाहेब पंपाचा बिडाचा भाग घेऊन घरी आले.

"दोन भोकांचं आटं गेल्यात, महेंद्रा. कराडला नेलं असतं, पर तुझ्याबिगर मन घेईना."

महेंद्र मान हलवून नाही म्हणणार, तेवढ्यात त्याची बायको आम्रपाली बोलली, "ठेवून जावा दादा. सांजच्याला या."

लालासाहेब गेल्यावर त्यानं तिच्याकडे रागानं पाहिलं. "कोण... कोण करणार?"

"आपण दोघं. डावा हात तुमचा, उजवा माझा."

दुकानाचं शटर तिनंच वर ढकललं. पंपाचा भाग टेबलावर बोल्टांनी बसवलेल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला. त्यानं खुणेनं दाखवलं तशी तिनं भोकं मोठी करून घेतली. मग तो डावीकडं, ती उजवीकडं, असे दोघं शेजारीशेजारी उभे राहिले आणि त्यांनी हँडल धरलं. थोडं पुढं, जरा मागं, चुरा फुंकायचा, परत पुढं. सुरुवातीला तिचा जोर जास्त व्हायचा, मग तो डोळ्यांनीच तिला आवरायचा. हळूहळू दोघांचा मेळ बसला. पहिल्या भोकात बोल्ट सरळ गेला. आम्रपालीनं तो दोनदा काढून दोनदा बसवून पाहिला. महेंद्र हसला. दवाखान्यातून आल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

दुसऱ्या भोकात टॅप निम्मा गेला आणि महेंद्रच्या डाव्या हाताला कळलं. बिडात पुढं कडक गाठ होती. टॅप आता आवळत चालला होता. अजून जरासा जोर लागला तर तो मोडणार. थांब, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात आला आणि तिथंच अडकला. घाबरून त्यानं आपला हात सोडला. आम्रपाली मात्र ढकलतच होती. सगळा जोर एका बाजूला गेला. टॅप कलला आणि कट्‌कन मोडला.

निम्मा तुकडा आतच राहिला. तो ड्रिलपेक्षा कडक, त्याला भोक पडेना, ठोकूनही तो हलेना.

"माझंच चुकलं," आम्रपाली म्हणाली. "तुमी हात सोडला तवा मला कळाय पायजे हुतं."

चूक तिची नव्हती. हे तिला सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण नुसता आवाज निघाला. तिला वाटलं, तो रागावलाय. ती झाडू घेऊन चुरा गोळा करू लागली.

संध्याकाळी लालासाहेबांनी तुटका टॅप पाहिला. "असू दे गड्या. जुनंच झालं हुतं, नवंच बसवतो," एवढं बोलून ते पंपाचा भाग उचलून घेऊन गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर महेंद्रला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्रपाली म्हणाली, "चला की. भंगारातल्या तुकड्यावर सराव करू."

तो उठला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. काही दिवसांनी तिनं विचारायचंच सोडलं आणि ती एका शाळेत खिचडी शिजवायला जाऊ लागली.

मग गावातल्या केरबानं रसवंतीसाठी महेंद्रच्या दुकानाचा गाळा भाड्यानं घेतला. टेबल हलवायचं तर आधी व्हाइस काढायला हवा, आणि त्याचे बोल्ट गंजून बसलेले. केरबा विचारायला घरी आला.

"दादा, त्ये कसं सुटंल? तुमालाच म्हाईत."

महेंद्रला माहीत होतं. त्यानं डावा हात उचलला, हवेत थोडा फिरवला आणि परत अंथरुणावर टाकला.  केरबा बोल्ट कापायला गॅस कटरवाल्याला बोलवायला निघून गेला.