मामा दुसऱ्याच मांडवात

मनोहरलाल रहांगडाले यांना कुणाला रस्ता विचारणं म्हणजे कमीपणा वाटे. गोंदिया जिल्ह्यातली प्रत्येक वाट आपल्याच धानाच्या बांधीतून निघते, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे भाची आचलच्या लग्नाला निघताना लेक भूमेश्वरीनं मोबाइलवर रस्ता लावला, तेव्हा तिचे बाबूजी म्हणाले, ‘‘तू तुह्यं विमान चालव, माही गाडी मी चालवतो.’’

विमान चालवणं सध्या तिच्या नशिबी नव्हतं. घरी तिनं ‘सुट्टी’ सांगितली होती. खरं म्हणजे कंपनीनं तिला घरी बसवलं होतं. एका धुकट पहाटे तिच्या कॅप्टनसाहेबांनी विमान धावपट्टीवर वळवलं आणि मधल्या दिव्यांची रांग सोडून कडेची रांग धरली. शेजारी सहवैमानिक म्हणून बसलेल्या भूमेश्वरीला उजवीकडे नुसतं गवत दिसलं. तिला कळलं. पण साहेब बापाच्या वयाचे, त्यांना माहीत असेलच, असं म्हणून ती गप्प बसली. विमानानं वेग घेतला, चाकाखाली दिवे फुटू लागले, तेव्हा कुठे साहेबांनी ब्रेक दाबले. कुणाला साधं खरचटलंही नाही. चौकशीत विचारलं, ‘तुम्हाला केव्हा कळलं?’ ‘दिवे फुटले तेव्हा,’ असं ठोकून ती मोकळी झाली. सोमवारी पुन्हा विचारणार होते. खरं सांगावं तर नोकरीवर पाणी सोडायची तयारी हवी, आणि खोटं बोलल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता.

दिवस मावळताना गाडी शहरात आली. एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोन लॉन, दोन्हीकडे मांडव, दोन्हीकडे झगझगीत झालरी. बाबूजींनी पहिली झालर दिसली तशी गाडी आत घातली. फाटकावर थर्माकोलची अक्षरं होती, ‘टीना आणि हिमांशू’. भूमेश्वरीनं ती वाचली. बाबूजींना माहीत असेलच, असं तिला वाटलं.

आत स्वागत झकास झालं. कुणीतरी अत्तर लावलं, कुणी पाया पडलं. ओळखीचा एकही चेहरा नव्हता, पण बाबूजींपाशी त्याचंही उत्तर होतं.

‘‘हे सारे नवरदेवाकडचे पाहुने होत,’’ असं म्हणत ते पुढच्या सोफ्यावर ऐसपैस बसले. आई चमेलीबाईंनी सरबत चाखलं आणि नणंदेच्या नावानं नाक मुरडलं, ‘‘सुशिलानं साखर तरी टाकाची.’’

इतक्यात माइकवरून पुकारा झाला, ‘‘मुलीच्या मामांनी स्टेजकडे यावं!’’

बाबूजी उठले. दुपट्टा सावरला, छाती काढली आणि निघाले. आणखी दहा पावलं, की बाप परक्या नवरीमागे मामा म्हणून उभा! भूमेश्वरी धावली आणि भर मांडवात तिनं त्यांचा दंड धरला.

‘‘बाबूजी, थांबा! हे आपल्या आचलचं लगन नोहोय!’’

‘‘काऊन अपशकुन करून राहिली? मले बलावून राहिले ना!’’

‘‘फाटकावर टीना लिवलं आहे. मी वाचलं.’’

बाबूजी थांबले. आजूबाजूला खसखस पिकली. कानापर्यंत लाल होऊन त्यांनी विचारलं, ‘‘केव्हा वाचलंस?’’

‘‘येतानाच.’’

‘‘मंग तवापासून मिठाची गुळनी कायले धरून बसली?’’

‘‘वाटलं, तुमाले माहीत असन.’’

पुढचं सगळं धावपळीचं झालं. भिंतीला वळसा घालून तिघं पलीकडे पोचली, तेव्हा अंतरपाट धरलेला होता आणि सुशिलाबाई भावाच्या नावानं बोटं मोडत होत्या. मामा आचलमागे उभे राहिले आणि अक्षता पडल्या.

पंगतीत बाबूजी मान खाली घालून जेवत होते. शेजारी बसून भूमेश्वरीनं हळू आवाजात धावपट्टीची सगळी गोष्ट सांगितली, काही न लपवता.

बाबूजींचा घास हातातच राहिला. ‘‘बापाचा दंड धरलास, चारचौघात. मंग तो कप्तान कोन लागून गेला?’’

तिला स्वतःचीच लाज वाटली.

‘‘मी चुकलो त लोक हासले. त्याच्या चुकीनं मानसं मेली असती त?’’

‘‘खरं सांगतलं त नोकरी जाईल, बाबूजी.’’

वैमानिक लेकीचा गावभर मिरवलेला अभिमान गिळायला बाबूजींना वेळ लागला. मग पाण्याचा घोट घेऊन त्यांनी चौकशीतल्या मोठ्या साहेबासारखा आवाज काढला.

‘‘केव्हा समजलं तुले?’’

‘‘वळतानाच,’’ ती पुटपुटली.

‘‘आइकू नाही आलं.’’

‘‘वळतानाच समजलं होतं!’’ भूमेश्वरी इतक्या मोठ्यानं म्हणाली, की अख्खी पंगत वळून तिच्याकडे पाहू लागली.