रंगाऱ्याच्या गळ्यातली झोळी

मी एक जुनी झोळी आहे, मित्रांनो. भाजीची नव्हे, दुखऱ्या हाताची. निळ्या जाड कापडाची, गळ्यात अडकवायच्या पट्ट्याची. एका बाईंनी मला शिवले आणि औषधांच्या दुकानात मी बरेच दिवस खुंटीला लटकून होते.

एके दिवशी एक रंगारी शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला व हात तीन आठवडे माझ्यात ठेवायला सांगितला. काय माझे कौतुक झाले! माझ्यामुळेच डोळ्याला डोळा लागतो, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मीही फुशारून गेले.

तीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, खांदा भरून आला आहे, आता झोळी काढून हात हलवा. थोडे दुखेल, पण दुखले म्हणजे पुन्हा निखळला असे नाही. रंगाऱ्याने मान डोलावली आणि दवाखान्याची पायरी उतरताच मला परत गळ्यात घातले. पुढे सात महिने मी तिथेच होते. हात जरा हलला की तो डाव्या हाताने खांदा घट्ट धरायचा. भेटायला येणारे 'जपा हो' म्हणायचे, तसा तो आणखी जपायचा. खांदा आखडला, दंड बारीक झाला, दुखणे वाढतच गेले. ब्रश कायमचा सुटला, असे तो धरून चालला होता. हळूहळू येणारेही थांबले. बायको कामावर गेली की घरात तो आणि मी. मला त्याची फार दया यायची, पण मला बोलता कुठे येते?

मग एकदा त्याचा रंगकामातला जोडीदार आला. रंगारी पडला त्या दिवशी शिडी धरायची सोडून हा चहाला गेला होता, म्हणून इतके दिवस तोंड लपवत होता. चूक कबूल करताना तो रडला.

रंगारी म्हणाला, "तुझ्यावर राग नाही रे. मला भीती वाटते. हात उचलला की परत पडतोय असंच वाटतं."

"मग एकदम वर नको. खालून सुरू करू."

जोडीदाराने मला सोडवून दाराच्या कडीला अडकवले. मागच्या खोलीच्या भिंतीवर गुडघ्याइतक्या उंचीवर पेन्सिलीने रेघ ओढली आणि तिथपर्यंत रंगवायला सांगितले. दर दोन दिवसांनी रेघ चार बोटे वर जाई. खांदा दुखायचा, दोघे जरा बसायचे, गप्पा मारायचे, पुन्हा ब्रश फिरायचा. दीड महिन्याने रेघ डोक्याच्या वर गेली.

आता मी कपाटाच्या तळाशी असते. खरे सांगते, मला करमत नाही. हाताची ती ऊब फार आठवते. तरी, मित्रांनो, कुणाच्या गळ्यात मी महिनोन्महिने दिसले, तर नुसते 'जपा' म्हणून निघून जाऊ नका. जवळ बसा. कशाची भीती वाटते, ते विचारा. डॉक्टरांनी काढायला सांगितले असेल, तर मला काढून ठेवायला त्या माणसाला मदत करा. माझे काय, मी राहीन एकटी.