माझ्या पाठीला हात लावून बघा

मित्रांनो, मी जुना आहे हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला कुजबुजायला नको. माझ्या अंगावर लांबलचक ओरखडा आहे, पेनड्राइव्ह लावायच्या पुढच्या खाचांपैकी एक कायमची रुसली आहे आणि माझ्यावर वर्षानुवर्षं दणकून खेळ खेळले गेले आहेत. मी गेमिंग कॉम्प्युटर आहे, काचेच्या कपाटातली बाहुली नाही. खेळण्यासाठीच माझा जन्म झाला आणि मला त्याची तसूभरही लाज वाटत नाही.

माझा जन्म झाला तो एका घरातल्या जेवणाच्या टेबलावर. थोरला भाऊ सुटे भाग जोडत होता आणि धाकटी बहीण माहितीपत्रक मोठ्याने वाचत होती. "उलटं लावलंस!" असं ती मधूनमधून ओरडायची, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना ताटं मांडीवर घेऊन जेवावं लागलं. माझा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, थंड ठेवायला त्यांनी एक तपकिरी पंखा बसवला. दिसायला अगदीच गबाळा, पण कामाला वाघ.

पुढची वर्षं नुसती धमाल होती. भाऊ-बहीण माझ्यासाठी भांडायची, रुसायची आणि पुन्हा माझ्यासमोरच खांद्याला खांदा लावून बसायची. त्यांची आई "डोळे फुटतील रे!" म्हणत यायची खरी, पण थंडी असली की आधी माझ्या मागे उभी राहून पंख्याच्या गरम हवेवर हात शेकायची. "हा माझा हीटर आहे," असं ती शेजारणीला कौतुकाने सांगायची. हात शेकून झाले की मग मुलांना रागवायची. एवढं कौतुक माझं नंतर कुणी केलं नाही.

मग थोरला नोकरीला लागला, धाकटी शिकायला लांब गेली. माझ्यावर चादर आली, चादरीवर इस्त्रीचे कपडे आले आणि शेवटी घर बदलताना आईने मला जड मनाने विकून टाकलं.

मी आलो तो जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात. दुकानदाराला सगळे पॉलिशकाका म्हणत, कारण त्यांच्या हातात कायम फडकं असायचं. माणूस वाईट नव्हता. फक्त वस्तू चमकली की ती सुधारली, असा त्यांचा ठाम समज होता. त्यांनी माझा तपकिरी पंखा काढून खणात टाकला आणि त्या जागी रंगीबेरंगी दिव्यांचा नवाकोरा पंखा ठोकून दिला. घाईघाईत, मेंदूचा ताप ओढून घेणाऱ्या त्याच्या धातूच्या तळाला चिकटवलेला पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढायचा मात्र ते विसरले. माझा मेंदू आणि तो पंखा यांच्या मधोमध प्लास्टिक! अंगात ताप आणि वर नवरदेवासारखा नटवलेला, अशी माझी गत झाली. मला तोंड असतं तर दुकान डोक्यावर घेतलं असतं.

एके दुपारी एक तरुणी तिच्या मावशीला घेऊन आली. ती हलत्या चित्रांच्या फिल्म बनवायची. एका स्टुडिओत नोकरीसाठी तिला स्वतःची छोटी फिल्म पाठवायची होती आणि घरचा लॅपटॉप एकेका चित्रापाशी धापा टाकत होता. नवा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. आज काही मिळालं नाही, तर फिल्म अर्धवट राहणार होती.

"दिवे बघा कसे झगमगतात!" पॉलिशकाका म्हणाले.

"दिव्यांचं मी काय करू, काका? मला काम करून बघायचंय," ती म्हणाली. तिने आपल्याच फिल्मचा एक अवघड तुकडा माझ्यावर चढवला. मला ती तिथेच आवडली.

मी जीव तोडून कामाला लागलो. पण ताप भराभर चढला, पडद्यावरचा तापमानाचा आकडा लाल झाला आणि मी धाडकन बंद पडलो. मित्रांनो, ती हार नव्हती. जळून जाण्यापेक्षा थांबायचं, हे मला जन्मतःच शिकवलेलं आहे.

"खेळून खेळून पिळून काढलाय याला," काकांनी निकाल दिला. "राहू दे. उद्या सुटे भागच करतो याचे."

"चल गं," मावशी म्हणाली. "आजारी गडी कशाला घरी न्यायचा?"

माझा संताप संताप झाला. चूक यांची आणि बदनामी माझी!

ती मात्र हलली नाही. तिने मला पुन्हा चालू केलं, तेच काम लावलं आणि माझ्या पाठीमागे तळहात धरला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी, इथे हात लाव. आत एवढा भडका उडालाय, मग बाहेर येणारी हवा गार कशी?"

मावशीने हात लावला. "अगं, खरंच की! थंडगार आहे."

"म्हणजे ताप पंख्यापर्यंत पोचतच नाहीये. काका, पंखा उघडा."

"मी माझ्या हातांनी बसवलाय तो!" काका फुरंगटले.

"म्हणून तर उघडा म्हणतेय," मावशी म्हणाली. "ठीक असेल तर परत बसवा, आम्ही मुकाट्याने जातो."

काकांनी चडफडत स्क्रू काढले. तळाशी तो कागद जसाच्या तसा होता, आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'बसवण्याआधी काढा.' मावशीला हसू आवरेना. काका फडक्याने स्वतःचं कपाळ पुसू लागले.

"आता याचा जुना पंखा असेल तर तोच बसवा," ती म्हणाली. खणातून माझा तपकिरी दोस्त बाहेर आला. तेच काम पुन्हा सुरू झालं आणि या वेळी मी ते शेवटपर्यंत नेलं. आकडा लाल झाला नाही. ती एवढ्यावर भुलली नाही, हे मला विशेष आवडलं. तिने प्रत्येक खाच तपासली, रुसलेली खाच शोधून काढली, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि मग म्हणाली, "घेते."

मित्रांनो, तुम्हीही कधी जुनी वस्तू घ्यायला जाल. तिच्यावर दया करू नका, आम्हाला ती नको असते. झगमगाट बाजूला सारा आणि तिला तिचं काम करायला लावा, अगदी घाम फुटेपर्यंत. ती थांबली, तर का थांबली ते शोधा आणि मगच नाही म्हणा. विचारपूस न करता मला मोडीत काढायचा हक्क मी कुणालाही दिलेला नाही.

फिल्म पूर्ण होऊन स्टुडिओत गेली. उत्तर अजून आलेलं नाही, पण ती दुसऱ्या फिल्मच्या मागे लागली आहे आणि मीही. आज सकाळी हवेत गारठा होता. मावशी चहाचा कप ठेवून माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"चालतोय ना गं अजून तुझा आजारी गडी?" तिने विचारलं, आणि दोन्ही हात माझ्या पाठीशी धरून ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.