मामांचं वेगळं मीठ

आमच्या शाळेतली मुलं माझ्या माघारी मला 'पाकीटवाल्या बाई' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडायचंसुद्धा. मी महाडला चौथीच्या वर्गाला शिकवते. डब्यात कुणी चकचकीत पुडी आणली की मी ती वर्गासमोर उलटी धरायचे आणि मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवायचे. पुढचं चित्र पाहू नका, मागे काय लिहिलंय ते वाचा. पालकसभेतही माझं हेच पालुपद. माझा नवरा बुद्धरत्न चारचौघांत चेष्टा करायचा, "हिच्याबरोबर बाजारात गेलं की एका बिस्किटाच्या पुड्यापाशी अर्धा तास जातो." मी वरवर रागवायचे आणि आतून फुशारायचे.

माझे सासरे श्रीपत, त्यांना मी मामा म्हणायचे. ते आणि सासूबाई सुंदराबाई, म्हणजे माझ्या आत्या, पोलादपूरच्या पुढे आमच्या बौद्धवाडीत राहायचे. मामा कारखान्यात तीस वर्षं राबून घरी बसले होते. बसले असं आपलं म्हणायचं. थोडा भात, थोडी नाचणी, परसातले वेल, यांत त्यांचा दिवस जायचा. साखर आणि रक्तदाब जुनेच होते. मागच्या हिवाळ्यात तपासणीत कळलं की मूत्रपिंडंही दमली आहेत. डॉक्टर म्हणाले, मशीनवर जायची वेळ अजून आलेली नाही, गोळ्या चुकवू नका आणि मीठ कमी करा.

मीठ कमी करा! एवढे तीन शब्द कानावर पडले आणि मला शिंगं फुटली.

पुढच्या रविवारी मी गेले ती थेट आत्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. लोणच्याची बरणी, पापडांचा डबा, जवळ्याची चटणी, सगळं शेजारी वाटून टाकलं. मामा पडवीत बसून बघत होते. सुक्या बोंबलांची जुडी दाराबाहेर चालली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"येवढी तरी ठेव गो. पावसात काय खाऊ?"

"दुधी खा," मी म्हणाले.

"दुधी तर हायच. पन दुधीत काय जीव हाय?"

आत्या तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही. मला तेव्हा वाटायचं, आपण हसलो की माणसं सोकावतात.

वीस मार्चला चवदार तळ्यावर येणाऱ्यांना मामा दरवर्षी वाडीतल्या लोकांबरोबर पिठलं-भाकरी वाढायचे. यंदाही आले. गर्दीत मी त्यांना शोधत होते, तर ते मांडवाच्या मागे उभे राहून भाकरीला मिरचीचं लोणचं लावून खात होते. मला पाहताच त्यांनी हात पाठीमागे नेला. सत्तरीचा माणूस, तीन महिने अळणी खाऊन वैतागलेला. मी त्यांना तिथेच, ओळखीच्या माणसांदेखत झापलं. ते म्हणाले, "चुकलं गो बाय." बाकी काही नाही.

रात्रभर मला त्यांचा तो मागे गेलेला हात दिसत राहिला. माझं मन काही दगडाचं नव्हतं. अळणी जेवणावर माणूस किती दिवस काढणार? त्याच आठवड्यात बाजारातल्या एका मोठ्या दुकानात मला ते मीठ दिसलं. पाकिटावर लाल हृदय आणि 'कमी सोडियम' अशी अक्षरं. अर्थात मी पाकीट उलटं केलं. मागे लिहिलं होतं, पोटॅशियम क्लोराइड. पोटॅशियम म्हणजे केळ्यात असतं ते, नारळपाण्यात असतं ते. चांगलंच की! सगळ्यांत खाली अगदी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती मी वाचलीच नाही असं म्हणता आलं असतं तर किती सोपं गेलं असतं. मी ती वाचली होती. मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मी मनात म्हणाले, सल्ला काय घ्यायचा, मीठ कमी करा हे डॉक्टरांनीच तर सांगितलंय.

रविवारी मी पाकिटं घेऊन वाडीत गेले. मामांचं कालवण वेगळ्या पातेल्यात करायचं, त्यात फक्त हे मीठ घालायचं, असं आत्यांना बजावलं. आणि वर सांगितलं, "याचा काही त्रास नाही. हात आखडू नका, चवीला लागेल तेवढं घाला."

आत्यांना कोण आनंद झाला! नवऱ्याच्या ताटात अळणी आमटी वाढताना त्यांचाही घास घशाखाली उतरत नव्हता. त्या वाडीभर सांगत सुटल्या की मला लेक नाय, पन ही लेकीच्या वरची हाय. मग दर पंधरा दिवसांनी मी नवं पाकीट न्यायचे. घरी महाडला आम्ही साधंच मीठ वापरत होतो. आम्हाला कुठे आजार होता?

जुलैत मामा म्हणायला लागले की पाय गळाल्यासारखे वाटतात. लावणीचे दिवस होते, चिखलात उभं राहून पाय गळणारच, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. तोंडाला मुंग्या येतात म्हणाले, तर मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून दिल्या. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी सकाळी ते परसात पडले आणि त्यांना उठता येईना. बुद्धरत्ननं गाडी केली आणि त्यांना महाडच्या दवाखान्यात आणलं. तिथला डॉक्टर तरुण होता. त्यानं हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, आणि कागद हातात येताच त्याचा चेहरा बदलला. नर्सला भराभर इंजेक्शनं सांगून तो माझ्याकडे वळला. बुद्धरत्न तेव्हा औषधं आणायला खाली गेला होता.

"घरी मीठ कुठलं वापरता?"

इतक्या घाईत हा माणूस मिठाचं काय विचारतो, असं मला वाटलं. मी नाव सांगितलं. अजून आठवतं, थोड्या अभिमानानंच सांगितलं.

मुंबईला न्यायला गाडी येईपर्यंत मामा गेले. दुपारचे साडेतीन झाले होते.

नंतर मी त्या डॉक्टरला व्हरांड्यात गाठलं. तो दमला होता, तरी नीट बोलला. म्हणाला, मूत्रपिंडं दमलेली असली की पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. "एकट्या मिठानं झालं असं मी म्हणणार नाही, मॅडम. मूत्रपिंडं खराब होतीच. पण ते मीठ त्यांना द्यायला नको होतं." बुद्धरत्न जिना चढून येत होता. काय म्हणाले डॉक्टर, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, मूत्रपिंडं गेली होती. हे खोटं नव्हतं. त्या 'एकट्या मिठानं नाही'ला धरून मी सात दिवस काढले. लोक रडले की मी रडायचे, आणि कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवला की मला तिथून पळून जावंसं वाटायचं.

सातव्या दिवशी वाडीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. अंगणात प्लॅस्टिकचा कागद ताणून मांडव घातला होता, पाऊस त्यावर धडाधड वाजत होता. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, पंचशील घेतलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे माझे ओठ नुसते हलले.

जेवणं झाल्यावर बायका आत्यांभोवती बसल्या. पांढऱ्या लुगड्यात आत्या एवढ्याशा दिसत होत्या. त्या बोलत होत्या ते माझ्याबद्दल.

"सोताचा बाप असावा तसं केलं हिनं त्यांचं. मीठसुदा बाजारातनं येगळं आनायची. चार म्हैने तरी चवीनं जेवले ते. दोन पाकिटं उरली व्हती. येक सकाळीच भागोजीभावजींना दिलं. त्यांना बी तोच आजार हाय ना. म्हटलं, ह्यांच्या नावानं खा."

भागोजी म्हणजे मामांचे लहानपणापासूनचे सोबती, आमच्यापासून चौथं घर. त्यांचेही पाय सुजायचे, तेही त्याच डॉक्टरकडे जायचे.

मी उठले. पण मी काय केलं तेही सांगते, म्हणजे मी कशी होते ते कळेल. मी खरं सांगायला उठले नव्हते. वाटेत मी एक थाप तयार केली. भागोजीकाका पडवीत बसले होते, पाकीट त्यांच्या मांडीवरच होतं, अजून फोडलेलं नव्हतं.

"काका, ते मीठ परत द्या. तारीख उलटलीय त्याची."

"मिठाला कसली तारीक गो?" ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "श्रीपतनं खाल्लं ना? मग मी बी खानार. त्याच्या घरनं आलेली येवढी येकच वस्तू हाय माज्याकडं. नाय देत जा."

त्यांनी पाकीट छातीशी धरलं. हिसकावून तर घेता येईना. मी दुसरं आणून देते म्हटलं, साधं चांगलं आणून देते म्हटलं, ते मान हलवत राहिले. आता खरं सांगायचं, नाहीतर ह्या माणसाला आज संध्याकाळी ते खाऊ द्यायचं. मधे तिसरं काही उरलं नव्हतं.

मी सांगितलं. त्या पडवीत, त्यांच्या सुनेसमोर, सगळं सांगितलं. बारीक अक्षरांतली ती ओळ वाचली होती हेही सांगितलं. काकांनी पाकीट हळूच खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुंदराला ठावं हाय?"

मी नाही म्हणाले.

"मग आदी तिला सांग जा."

मी पाकीट उचलून परत मांडवात आले. बुद्धरत्न खुर्च्या रचत होता, त्यालाही बोलावलं आणि पुन्हा सगळं सांगितलं. माझा आवाज वर्गात शिकवताना लागतो तसा मोठा लागला, का कोण जाणे. सगळ्या बायकांनी ऐकलं. बुद्धरत्न हातातली खुर्ची तशीच घेऊन पावसात बाहेर गेला. बायका एकेक करून उठल्या. मला वाटलं, आता आत्या ओरडतील, मला घराबाहेर काढतील. तसं त्यांनी केलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

आत्या म्हणाल्या,

"ते बोलले व्हते गो."

"काय?"

"कडू लागतंय म्हनून. दोनदा बोलले. माजं तोंड कडू पडतंय, ह्ये मीठ नको, उज्वलाला सांग. मीच बोलले, येवढ्या लांबनं पोर तुमच्यासाठी आनते, गुमान खावा. तिला कळलं तर किती वाईट वाटंल. आनी तू रागावशील म्हनून बी. तुजा धाक व्हता आमाला, बाय. मग नाय बोलले ते."

त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि त्या रडायला लागल्या. सात दिवसांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या चुकीतला अर्धा वाटा त्यांनी आपल्या पदरात घेतला होता, आणि तो मला काही केल्या परत घेता येईना. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

इतके पुडे मी उलटे करून वाचले, पण मामांना तुम्हाला कसं लागतं असं एकदाही विचारलं नाही. दर रविवारी उंबऱ्यातूनच माझा एक प्रश्न असायचा, "मामा, तेच मीठ खाताय ना?" आणि ते म्हणायचे, "खातो गो बाय, तेच खातो."