आकडा मोठा, प्लग थंड

गॅरेजमध्ये प्रश्न ताई विचारत होती आणि मिस्त्री उत्तरं मला देत होता. जणू ती एखाद्या बंद खोलीत उभी होती आणि मी त्या खोलीची खिडकी होतो.

"चारही काळे पडलेत," गाडीतून काढून आणलेल्या स्पार्क प्लगांपैकी एक ताईने त्याच्यापुढे धरला. "ही काजळी बघा. हा प्लग पुरेसा तापतच नाही, म्हणून साचलेलं जळून जात नाही."

"साहेब," मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाला, "गाडी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. इंजिन तेल खातंय. त्यात प्लग बिचारा काय करणार?"

"तेल असतं तर चिकट लागलं असतं. हे कोरडं आहे. बोट लावून बघा."

त्याने बोट लावलं नाही. फडक्याला हात पुसत राहिला.

"गाडीच्या पुस्तकात दिलाय त्यापेक्षा थंड प्लग बसवलाय तुम्ही," ताई म्हणाली.

"आकडा मोठा बसवलाय, साहेब. आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. तीस वर्षं हेच करतोय."

"जुन्या कंपनीचा असता तर ते खरं. ह्या कंपनीचं उलट आहे. आकडा मोठा, प्लग थंड. खोक्यावर छापलंय!"

मिस्त्री हसला. "साहेब, ताईंना घरी घेऊन जा. ऊन लागलंय त्यांना."

पलीकडे टायर उतरवणारे दोघे खिदळले. आणि मीही हसलो. मला हसू आलेलं नव्हतं. अनोळखी माणसांपुढे उभं राहिलो की माझ्या चेहऱ्यावर जे एक दुबळं, सभ्य हसू आपोआप उमटतं, ते उमटलं. ताईने ते पाहिलं.

रस्त्याने ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "तू गप्प बसतोस आणि लोक तुला सज्जन म्हणतात. मी तोंड उघडलं की आगाऊ ठरते. मजा आहे तुझी."

मी गप्पच बसलो. सज्जनपणे.

बाबांनी ती गाडी आमच्या जन्माआधी घेतली होती. रविवारी ते बॉनेट उघडत, तेव्हा ताई स्टुलावर उभी राहून एकेका नटाचं नाव विचारी. मी मागच्या सीटवर पुस्तक घेऊन पडलेला असे. पुढे बाबांचा वेग कमी झाला. वाचनालयापर्यंत सावकाश जायचं आणि सावकाश यायचं, एवढाच गाडीचा संसार उरला. मिस्त्रीने वर्षभरापूर्वी नवे प्लग बसवले आणि तेव्हापासून ती खोकू लागली, चढावर धापा टाकू लागली. मिस्त्रीने निदान केलं की इंजिन संपलं. त्याच्याकडे एक गिऱ्हाईकही तयार होतं. रविवारी सकाळी येणार, बघणार, घेऊन जाणार.

"प्लग बदलून बघू या, बाबा," ताईने जेवताना विनवलं होतं. "ह्या कंपनीत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. एवढंच करू द्या."

"तुला हौस आहे, ते ठीक," बाबा म्हणाले. "पण तो ह्यातला माणूस आहे."

स्टुलावरच्या मुलीला सगळी नावं ज्यांनी शिकवली, त्याच माणसाने तिच्या ज्ञानाला हौस म्हणावं! मला त्या क्षणी ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. मी पोळी खात राहिलो.

शनिवारी दुपारी बाबा झोपले होते. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत ताई पायरीवर बसून राहिली, कारण गरम असताना प्लग काढला तर आटे खराब होतात, असं ती म्हणाली. मग तिने एकेक वायर काढली, तिच्यावर चिकटपट्टीने नंबर लावला, प्लगभोवतीची धूळ फुंकली. नव्या प्लगच्या टोकांमधलं अंतर तिने पातळ पात घालून मोजलं. एकात पात सैल गेली, तेव्हा टोक हलकेच ठोकून पुन्हा मोजलं. प्लग तिने आधी नुसत्या बोटांनी फिरवत बसवले. पाना शेवटी, जेमतेम लागला. मी हत्यारांचा डबा धरून उभा होतो. एखादी व्यक्ती एखादं काम इतक्या शांतपणे करते तेव्हा भोवतालची दुपारही श्वास रोखते, असं मला वाटलं. हेही मी तिला बोललो नाही. संध्याकाळी तिने चिकटपट्ट्या सोलून काढल्या आणि बाबांना एवढंच म्हणाली, "प्लग बदललेत."

रविवारी मिस्त्री गिऱ्हाइकाला घेऊन आला. "आत चहा टाक," बाबांनी ताईला सांगितलं आणि गाडी सुरू केली.

ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. खोकली नाही, थरथरली नाही. बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. त्यांच्या चेहऱ्यावरून दहा वर्षं उतरली.

"हे प्लगनं झालं?" त्यांनी मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गाडीतून उतरून माझी पाठ थोपटली. "शाब्बास रे पठ्ठ्या!"

"मी म्हणतच होतो," मिस्त्री म्हणाला, "साहेबांना समज आहे."

"मी काही केलं नाही," मी म्हणालो.

"बघा!" बाबा गिऱ्हाइकाला कौतुकाने म्हणाले. "असा स्वभाव आहे. कधी स्वतःचं सांगणार नाही."

"खरंच, मी काहीच..."

"विनय आहे हो मुलाला," गिऱ्हाईक म्हणालं.

माझं खरं बोलणंही माझ्याच खात्यावर गुण म्हणून जमा होत होतं. माझ्या कानशिलात काहीतरी तापलं. मी वाकून इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतल्या चारही वायरी उपटल्या.

"अरे, अरे!" मिस्त्री ओरडला.

"लावून दाखवतो," मी म्हणालो. सुचेल तशा चारही खोचल्या आणि किल्ली फिरवली. कार्बोरेटरमधून फाडकन बार निघाला. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं. "बघितलंत? मला येत नाही. कुठली वायर कुठे जाते, ते मला ठाऊक नाही. कधीच नव्हतं."

ताई ट्रे घेऊन दारात उभी होती.

"कुणी केलं हे?"

"मी."

तिने ट्रे कठड्यावर ठेवला, वायरी काढल्या आणि ठिणगीचा क्रम तोंडाने "एक, तीन, चार, दोन" असा म्हणत पुन्हा लावल्या. मिस्त्री वाकून बघत होता. गाडी सुरू झाली. बाबा बराच वेळ आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "पण आकडा मोठा असून प्लग थंड कसा?"

तो प्रश्न त्यांनी तिला विचारला. तिने खोकं आणून दाखवलं, समजावलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की गाडी विकायची नाही.

आणि तरी माझा राग विझेना. तिचं खरं ठरवायला माझं अडाणीपण पुरावा म्हणून मांडावं लागलं होतं. मी गाढव ठरलो, तेव्हा कुठे ती शहाणी ठरली.

मिस्त्री आणि गिऱ्हाईक गेल्यावर ताई हात पुसत माझ्याजवळ आली. मला वाटलं, ती काहीतरी गोड बोलेल.

"वायरी तुटल्या असत्या तर? सरळ सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं ना. मी केलं नाही, असं दोनदा म्हणालो."

"तू केलं नाहीस, असं म्हणालास," ती म्हणाली. "ताईने केलं, असं एकदा तरी म्हणालास का?"

मी तोंड उघडलं. ती उत्तरासाठी थांबली होती. खरोखर थांबली होती.